घरचं काम म्हणून गप्प बसलेली मुलगी

मैत्रिणींनो, आज सांगलीत आमच्या पतसंस्थेत मुलाखती झाल्या. जागा एकच होती, तारण आलेलं सोनं तपासायची.

विट्याची एक मुलगी आली. "मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे," असं पाठ केलेलं घडाघडा म्हणाली. सकाळपासून प्रत्येकाने तेच ऐकवलं होतं. मी विचारलं, "सोन्याच्या कामाचा अनुभव?"

"नाही, मॅडम."

आम्ही दुसऱ्याला निवडलं. नेमणुकीचं पत्रही त्याच्या हातात दिलं.

दुपारी बाहेर पडले, तर जिन्यात तिचे वडील धापा टाकत बसले होते आणि ती शेजारी उभी होती. गलाईच्या, म्हणजे सोनं गाळण्याच्या धुराने त्यांची छाती गेली आहे, हे नंतर कळलं.

"आवं मॅडम, पोरीचं काय झालं? कोईमतूरला आमचं सोनं गाळायचं दुकान हुतं. मी आजारी पडलो तवा हिनंच चालवलं. आता दुकान बंद हाय, हिला नोकरी लागली तरच घर चालंल."

मी तिच्याकडे वळले. "मग आत का नाही सांगितलंस?"

"ते घरचं काम हुतं. त्याला कुटं नोकरी म्हणत्यात?"

"मग काय दुकानात रांगोळ्या काढत हुतीस व्हय?" वडील खेकसले आणि खोकत राहिले.

जागा भरली आहे, एवढंच मला सांगता आलं. ती वडिलांना धरून जिना उतरली.

तुमच्या घरी दुकानात, गोठ्यात, गिरणीत राबणारी मुलगी असेल, तर तिला आज विचारा, "तुला काय काय येतं?" ती "काही नाही" म्हणाली, तर असं म्हणायला तिला कोणी शिकवलं, हे स्वतःलाही विचारा.