केसरबाईशिवायचा हंगाम

कडुबा साळवे वाळूजच्या एका कंपनीत मशीनसमोर उभा राहून म्हातारा झाला. तो रिटायर झाला त्याच वर्षी त्याच्या बायकोला, केसरबाईला, शुगर निघाली आणि डॉक्टरांनी तिला रोज फिरायला सांगितलं. एकटी बाई कुठं फिरणार, म्हणून हाही तिच्याबरोबर निघाला. छावणीतल्या त्यांच्या गल्लीपासून मैदान जवळच. दोघं मैदानाला चकरा मारायची आणि दम लागला की कडेच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर टेकायची. समोर पोरी एका लांबुळक्या चेंडूमागं धावत असायच्या, एकमेकींच्या कमरेला मिठी मारून धाडदिशी पाडत असायच्या.

"ही कसली झोंबाझोंबी म्हणायची?" केसरबाईनं एक दिवस विचारलं.

पायरीवर नानासाहेब नावाचे रिटायर सुभेदार बसलेले होते. ते म्हणाले, "वहिनी, याला रग्बी म्हणतात. आपल्या जिल्ह्याचा मुलींचा संघ आहे हा. चेंडू घेऊन पुढं पळायचं, पण हातानं दुसरीला द्यायचा तो मागंच. पुढं फेकला की चूक."

केसरबाईनं यावर बराच विचार केला. "पुढं जायचं आन् द्यायचं मागं," ती म्हणाली. "बरं हाय."

त्या दिवशी चकरा राहून गेल्या. लहानपणी केसरबाई बिडकीनच्या शाळेत खो-खो खेळायची. लग्न ठरलं आणि खेळ सुटला, त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. पण पायरीवर बसल्यावर तिचे पाय आपोआप आखडायचे, समोरची पोरगी वळली की हिचा खांदा वळायचा. कडुबाला पोरींपेक्षा ते बघायला जास्त आवडायचं. पुढं पुढं मात्र त्यालाही खेळाचं वेड लागलं.

दिवाळी झाली की खरी मजा सुरू व्हायची. फेब्रुवारीत राज्य स्पर्धा. त्याआधी दर रविवारी सरावाचे सामने; कधी जालन्याच्या पोरी यायच्या, कधी आपल्याच पोरी दोन भागांत खेळायच्या. मैदानात एका वेळी सात जणी, आणि स्पर्धेला न्यायच्या बारा. त्या बारा कोण, हे राजेंद्र सर ठरवायचे. पण सरांच्या आधी पायऱ्यांवरची मंडळी ठरवून मोकळी व्हायची. नानासाहेबांचा संघ वेगळा, चहावाल्या खलीलभाईचा वेगळा. "चाचा, इस बार आगे की पोट्ट्यां में दम नै," असं खलीलभाई दरवर्षी म्हणायचा.

कडुबाचा आणि केसरबाईचा वाद एकाच जागेवरून होता. घोळक्यात दबलेला चेंडू काढून मागं उभ्या असलेल्या पोरींना पुरवायचा, ही ती जागा. तिथं दोघी होत्या. मेघा त्यांच्याच गल्लीतली, उंच, हातातून चेंडू असा सणकत जायचा की बघत राहावं. दुसरी राजनंदिनी, दौलताबादहून बसनं येणारी, अंगानं किरकोळ. कडुबा मेघाच्या बाजूचा. केसरबाईला राजनंदिनी पसंत होती.

"तिला तर वारा बी पाडंल," कडुबा म्हणायचा.

"पाडू द्या की. तुमची मेघा पडली की आधी सरांकडं बघती. ही पडली की चेंडू कुठं गेला ते बघती."

"चेंडू मागं पोचवाया हातात जोर लागतो, केसर."

"हातात चेंडू यावा तर लागतो ना आधी?"

हा वाद घरी यायचा, ताटावर बसायचा. कडुबाची आई मनकर्णाबाई खाटेवरून ऐकत असायची. "दोघांला त्या पोरी उजवायच्या हायेत का?" ती विचारायची. "एवढी चौकशी तर रूपालीच्या लग्नात केली नव्हती."

रूपाली म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. नागपूरला दवाखान्यात नर्स होती, जावई आकाश रेल्वेत. तिला मुलगी झाली, यशोधरा. रजा संपत आली तसा तिचा फोन आला. दोघांच्या ड्यूट्या शिफ्टच्या, बाळ कुणाकडं ठेवायचं? केसरबाईनं जायचं ठरलं. कडुबालाही जायचं होतं, पण मनकर्णाबाई हलायला तयार नव्हती. "सकाळी इथल्या विहारातली वंदना कानावर आली नाय तर मला दिस उगवल्यासारखा वाटत नाय," ती म्हणाली, "तुम्ही जावा दोघं, मी राहते." तिला एकटं कोण ठेवणार? कडुबा मागं राहिला.

"तीन महिन्यांत येते," केसरबाई म्हणाली. तीन महिने झाले, उन्हाळा गेला, पावसाळा गेला. यशू आजीशिवाय दूध पीत नव्हती.

कडुबा भाकरी करायला शिकला. त्याच्या भाकरीला मनकर्णाबाई काही म्हणायची नाही, नुसती हातात धरून उलटीपालटी करून बघायची. दिवसाचं त्याला जड नव्हतं. बाजार, पाणी, आईची औषधं यात तो जायचा. पण संध्याकाळी मैदानाला चकरा मारताना तो बायकोच्या चालीनंच चालायचा, हळू, आणि मग लक्षात यायचं की एवढं हळू चालायचं आता काही कारण नाही. तरी त्याला भरभर चालवत नव्हतं.

फोन रोज व्हायचा, पण बोलणं व्हायचं नाही.

"जेवलात का?"

"व्हय. तू?"

"जेवले. आत्या बऱ्या हायेत?"

"आई बरी हाय. यशू?"

"झोपली."

एवढी वर्षं संसार केला, पण 'तुझ्याबिगर करमत नाय' हे वाक्य त्यांच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. ते कोणत्या आवाजात बोलतात हेही कडुबाला ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, "ठेवू का मग?" आणि ठेवून द्यायचा.

दिवाळीनंतर सरावाचे सामने सुरू झाले. पहिल्या रविवारी दुपारी त्यानं आपणहून फोन लावला.

"केसर, जालन्याच्या पोरी आल्त्या. आपण हरलो."

"कशानं?" तिच्या आवाजाला एकदम धार आली.

"पुढच्या तिघी जाडावल्यात. दिवाळी लई मानवलीय. मेघा चांगली खेळली."

"आन् माझी?"

"अर्धाच वेळ होती. दोनदा चेंडू सुटला हातातून."

"पडल्यावर काय केलं तिनं?"

कडुबाला आठवेना. त्यानं ते पाहिलंच नव्हतं. "तसं काय ध्यानात नाय," तो म्हणाला.

"मग काय बघितलं तुम्ही?" केसरबाई म्हणाली. "पुढल्या रविवारी नीट बघा. माझ्यासाठी बघा."

त्या दिवशी फोन बराच वेळ चालला. मागं यशू रडायला लागली तेव्हा कुठं तिनं ठेवला.

पुढच्या रविवारी कडुबा राजनंदिनीवरून नजर न हलवता बसला. नानासाहेब शेजारी काही ना काही बोलत होते, त्याचं लक्ष नव्हतं. पोरगी आडवी झाली की तो पुढं वाकायचा. ती पडता पडताच हात टेकून वळायची, आणि बाकीच्या अजून अंगावरची माती झटकत असताना ही चेंडूपाशी पोचलेली असायची. एवढे हंगाम समोर बसून त्याला हे दिसलं नव्हतं. केसरबाई शेजारी असताना दिसायची गरजच पडली नव्हती. ते तिच्या वाट्याचं बघणं होतं. आता दोघांचं बघायचं त्याच्यावर आलं होतं. सामना संपला. खलीलभाईनं चहा पुढं केला तो त्यानं मैदानाकडं बघतच घेतला.

दुपारी त्यानं सगळं सांगितलं. पोरगी कोणत्या कुशीवर पडली, कुठल्या हातावर उठली, सगळं. केसरबाई मधे एक शब्द बोलली नाही.

"ऐकायलीस ना?" त्यानं विचारलं.

"ऐकायले," ती म्हणाली. "सांगा. मला दिसायलंय."

अशी ती थंडी गेली. रविवारसाठी कडुबा आठवडा काढायचा. जानेवारीच्या शेवटी राजेंद्र सरांनी मैदानातच बारा नावं वाचून दाखवली. मेघा पहिल्या सातांत, राजनंदिनी राखीव. आणि स्पर्धा यंदा नागपूरला होती.

नागपूर हे नाव ऐकल्यावर नानासाहेबांनी कडुबाच्या पाठीवर थाप मारली. "साळवे, आता तर जावंच लागेल."

कडुबानं तयारी केली. गल्लीतल्या एका बाईनं आईपाशी थांबायचं कबूल केलं. त्यानं शेंगदाण्याची चटणी कुटली, छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून दौलताबादचे पेरू निवडून आणले, दाढी करून आला. केसरबाई फोनवर म्हणाली, "पहिल्या दिवशी सकाळीच या. मी यशूला घेऊन सरळ मैदानावर येते. ऊन लागंल, टोपी आणा." किती दिवसांनी ती त्याला असं काहीतरी आणायला सांगत होती.

निघायच्या आदल्या दिवशी मनकर्णाबाईला धाप लागली. घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ठेवून घेतलं. खाटेवर नळी लावलेली आई त्याला म्हणत होती, "तू जा. मी कुठं जात नाय." कडुबा तिच्या पायाशी बसून राहिला. संघाची गाडी निघायच्या आधी तो मैदानावर गेला आणि चटणी-पेरूची पिशवी राजनंदिनीच्या हातात दिली.

"बाई, नागपूरला एक आजी येईल लहान लेकरू घेऊन. तिला दे."

"मी कशी ओळखू, काका?"

"तू पडलीस की जी उठून उभी राहील ती," कडुबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटीच्या व्हरांड्यात फोन वाजला. मागं शिट्ट्या, आरडाओरड, आणि त्यात यशूचं हुंकारणं. आता केसरबाई बघत होती आणि तो ऐकत होता. पहिले दोन सामने पोरींनी जिंकले. उपांत्य सामन्यात उत्तरार्धाला सरांनी मेघाला बाहेर काढून राजनंदिनीला घेतलं.

"आली बघा," केसरबाई म्हणाली. "पाडली तिला. उठली. दिला मागं. परत पाडली." मग बराच वेळ नुसता कल्ला ऐकू आला. कडुबानं फोन कानाशी दाबून धरला. बाजूनं स्ट्रेचर गेलं, तो भिंतीला चिकटला.

"काय झालं?"

"हरलो," ती म्हणाली. "शेवटच्या घडीला तिच्या हातून चेंडू पुढं गेला. नाय तर बरोबरी होती." मग ती म्हणाली, "तुमचंच खरं म्हणायचं. मेघाच पाहिजे होती."

एवढे हंगाम कडुबा हे ऐकायची वाट बघत होता. पण आता जिंकून त्याला काही करायचं नव्हतं. "नाय केसर," तो म्हणाला, "तिला पहिल्यापासून खेळवलं असतं तर हात बसला असता. सरांचं चुकलं."

तिकडून ती हसली. इतक्या गलक्यातही ते हसणं त्याला स्वच्छ ऐकू आलं. मग ती म्हणाली, "पेरू गोड निघाले. सगळ्या पोरींना वाटले." आणि मग, आवाज खाली करून, "तुम्ही याया पाहिजे होतं."

"व्हय," कडुबा म्हणाला.

मनकर्णाबाई बरी होऊन घरी आली. पुढच्या दिवाळीत यशूला रूपालीच्या दवाखान्याजवळच्या पाळणाघरात घातलं आणि केसरबाई परत आली. सिडको स्टँडवर कडुबा गाडीच्या खूप आधी जाऊन थांबला होता. ती उतरली ती बारीक होऊन, गुडघ्यावर हात ठेवून. त्यानं बॅग घेतली. "लई वजन," एवढंच म्हणाला.

रविवारी दोघं मैदानावर गेली. नानासाहेबांनी उठून "या वहिनी" केलं, खलीलभाईनं बिनसाखरेचा चहा आणला. नव्या पोरी आल्या होत्या, मेघा आता कर्णधार होती, राजनंदिनीचे खांदे भरले होते. कडुबाकडं वर्षभराचं सांगायचं साचलं होतं. तो बोलत राहिला, कोण पुढं घ्यावी, कोण बसवावी. केसरबाई "हं" म्हणत होती.

थोड्या वेळानं त्यानं वळून पाहिलं. ती मैदानाकडं बघतच नव्हती. कुणा खेळाडूची आई एका रांगत्या लेकराला घेऊन खालच्या पायरीवर बसली होती, आणि केसरबाईचे डोळे त्या लेकरावर होते. तिचा एक हात मांडीवर थापटल्यासारखा हलत होता. मांडीवर काही नव्हतं.

ती घरी आली की सगळं पहिल्यासारखं होईल, असं कडुबानं धरलं होतं. रोज पहाटे ती दचकून उठते आणि स्वयंपाकघरात जाऊन दुधाच्या पातेल्यापाशी उभी राहते, हे त्यानं पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ त्याला आत्ता लागला. दीड वर्ष त्याला जे होत होतं, ते आता तिला होत होतं.

"संघ ठरला की जाऊन ये," तो म्हणाला.

"कुठं?"

"यशूकडं. पंधरा दिवस राहून ये."

"आत्ता तर आले." तिनं पदर नीट केला. "आन् तुमचं?"

"माझं काय, मी फोनवर सांगत जाईन."

केसरबाईनं चहा संपवला. मग मैदानाकडं बोट करून म्हणाली, "ती लांब वेणीची कोण हाय? खाली वाकायला कंटाळती ती."

"नवी हाय. पैठणकडली."

"पायात चांगली हाय. सरांनी तिला कडंला पळवावं, मधे घेऊ नये."

कडुबाला ते पटलं नाही आणि त्यानं तसं सांगितलं. दोघांचं सामना संपेपर्यंत चाललं.

जानेवारीत संघ ठरला. केसरबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागपूरला निघाली. कडुबानं तिला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली येऊन उभा राहिला. गाडी हलली तेव्हा ती काचेआडून काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही, पण त्यानं मान हलवली.