चाकाची खुर्ची आणि सासऱ्यांचं खाकरणं

नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला बियाण्यांच्या दुकानांमागं आमचं केंद्र होतं. कुबड्या, पायाला बांधायचे कॅलिपर, तीनचाकी सायकली आणि चाकाच्या खुर्च्या आम्ही द्यायचो. माणसाला नेमकं काय लागेल ते ठरवायचं, माप घ्यायचं आणि ते त्याच्या अंगाला बसवून द्यायचं, हे माझं काम. नव्वद सालानंतरची बरीच वर्षं मी तेच केलं. स्वभाव तापट, त्यामुळं भांडणंही बरीच केली. शिबिरांत वाटलेल्या खुर्च्या बघितल्या की माझं डोकंच फिरायचं. सगळ्या एका मापाच्या! काटकुळ्या म्हातारीला तीच आणि पैलवानालाही तीच. हार घालायचा, फोटो काढायचा आणि मोकळं व्हायचं.

एकदा तीर्थपुरीचा एक शेतकरी आला. तिशीतला असेल. टोपी हातात धरून उभा राहिला.

"ताई, बायकोसाठी खुर्ची पाहिजे. माळवदावर मिरच्या वाळू घालाया गेल्ती, तिथून पडली. कमरेखाली बिलकुल जान न्हाई. वर्ष झालं, माहेरी हाय, केदारखेड्याला. आता घरी आणायचीय."

"मग तिलाच घेऊन या. माप घ्यावं लागेल."

"माप कशाला? मोठी असंल ती द्या, आरामशीर."

"अहो, तिला खुर्चीत बसवायचंय, हरवायचं नाहीये!"

तो हसला. चार दिवसांनी जीपमधून तिला घेऊन आला. बारीक चणीची, शांत बाई. डोक्यावरचा पदर ढळला की लगेच सावरायची. मी तिला बाकावर बसवून माप घेतलं: कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. ती गुमान घेऊ देत होती. सगळं झाल्यावर तिनं एकच गोष्ट विचारली.

"ताई, ह्याच्यात बसून भाकरी करता यील का?"

तिला सासू नव्हती. घरी नवरा, सासरे आणि पहिलीत जाणारी मुलगी. भाकरी सासरे थापायचे. "पोरगी म्हणती, आबाची भाकर तोडाया दात दुखतेत," ती म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. वर्षभरात मुलगी दिवाळीत आणि उन्हाळ्यात, एवढीच भेटली होती.

डॉक्टरांनी तिला घरी जायची परवानगी दिली होती, पण एक ताकीद देऊन. कमरेखाली काही कळत नाही, म्हणजे घासलेलं, ठेचलेलंही कळत नाही. एकदा का बसायच्या जागी अंगाला जखम पडली आणि ती खोल गेली, की महिनोन्‌महिने पालथं झोपून राहायचं. तीर्थपुरीच्या घरात ते करणारं बाईमाणूस नव्हतं. जखम झाली की परत माहेर, आणि मुलगी परत आईवेगळी. एवढं सगळं खुर्चीच्या बैठकीवर अवलंबून होतं.

म्हणून मी खुर्चीत काहीच कमी ठेवलं नाही. आमच्या वेल्डरकडून चौकट अरुंद करून घेतली, ताडपत्री शिवणाऱ्याकडून बैठक नवी शिवून घेतली, वर फोमची जाड गादी. दर थोड्या वेळानं दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, हे तिच्याकडून घोटून घेतलं. मग एसटीच्या टपावर खुर्ची टाकून तीर्थपुरीला गेले. चूल जमिनीवर होती. गवंडी बोलावून ती विटांच्या ओट्यावर घेतली, खाली गुडघे जातील एवढी जागा ठेवली. उंबऱ्यावर दोन्हीकडून उतरती फळी बसवली. सासरे दारात उभे राहून बघत होते. उंच, हाडापेराचे म्हातारे, शब्दाला महाग.

"बराबर झालं," एवढंच बोलले आणि शेताकडं गेले.

नवऱ्यानं तिला घरी आणलं. तीन आठवड्यांनी मी परत गेले. खुर्ची बसवून दिली म्हणजे काम संपलं असं होत नाही, अंगवळणी पडलीय का ते बघावं लागतं. दुपार होती. ती चुलीपाशी खुर्चीत बसून भाकरी थापत होती. काय सांगू, इतकं बरं वाटलं! भाकरी टम्म फुगली होती. म्हटलं, "वा गं बाई! मला पण टाक एक."

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खाकरलं.

तिनं पिठाचे हात तसेच चाकांवर टेकले, अंग पुढं झोकलं आणि धप्पदिशी खाली जमिनीवर आली. फरशीवर कंबर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला, तिला मात्र काहीच कळलं नाही. पदर पुढं ओढून, मान खाली घालून ती बसली. सासरे आत आले, कोपऱ्यात खाली पाट मांडून जेवायला बसले.

माझ्या सगळं ध्यानात आलं. आमच्याकडं सासरा घरात येताना खाकरतो. सुनेनं पदर घ्यावा, उठून उभं राहावं. त्यांच्यापुढं खुर्चीवर, बाजेवर बसायचं नाही, ही रीत. हिला उभं तर राहता येत नव्हतं, मग ती खाली उतरायची. सासरे दिवसातून जितक्यांदा घरात यायचे, तितक्यांदा.

मी तिला आतल्या खोलीत नेऊन बघितलं. डाव्या बाजूला रुपयाएवढा लालभडक डाग, कातडी सुटायला आलेली.

मग मात्र माझा तोल गेला. बाहेर येऊन मी म्हाताऱ्यांच्या पुढ्यात उभी राहिले. "तुम्ही खाकरता आणि ती खाली पडते! तिला जखम होतेय. ही चिघळली तर तिला परत माहेरी जावं लागेल. तुमची रीत मोठी की नात मोठी?"

ते ताटावरून उठले. रागावले नाहीत. "म्या दोनदा सांगितलं तिला, बसून ऱ्हा म्हणून," ते सावकाश म्हणाले, "आयकत न्हाई. आवाज आला की तिचा जीवच ऱ्हात न्हाई." आणि हात धुऊन बाहेर गेले. भाकरी अर्धी तशीच राहिली.

आतून ती रडत रडत माझ्यावरच उखडली. "कशाला बोललात, ताई? उपाशी गेले ना ते! माझ्या मागं माझ्या लेकराला त्यांनीच सांभाळलं. त्यांच्यापुढं मी पाय लटकवून बसू? मला व्हत न्हाई ते."

आठ दिवस खुर्चीत बसायचं नाही, कुशीवर झोपायचं, रोज आरसा धरून डाग बघायचा, असं बजावून निघाले. जालन्यापर्यंत बसमध्ये स्वतःशीच चरफडत होते. खुर्ची झाली, चूल झाली, फळी झाली, आणि सगळं एका खाकरण्यापाशी येऊन अडलं. हिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मला ठरवता येईना. माझी आईसुद्धा आमच्या आजोबांपुढं कधी बसली नव्हती.

पुढच्या खेपेला गेले. खरं सांगते, ती केदारखेड्याला गेली असणार, असंच धरून चालले होते. पण दारातच भाकरी थापल्याचा आवाज आला. ती खुर्चीत होती. आधी तिला आत नेऊन डाग बघितला. सुकला होता, नवी कातडी आली होती. ती परत चुलीपाशी जाते न जाते तोच बाहेर खाकरणं ऐकू आलं.

मी धावले, तिला धरायला. पण ती हलली नाही. पदर तेवढा नीट केला आणि पीठ मळत राहिली.

सासरे आत आले. तेव्हा कुठं माझं कोपऱ्याकडं लक्ष गेलं. त्यांची बाज विटांच्या खांबांवर चढवली होती, चांगली माझ्या छातीला लागेल एवढी. शेजारी एक स्टूल. पाऊणशे वर्षांचा तो माणूस एक हात भिंतीला लावून स्टुलावर चढला, तिथून बाजेवर गेला आणि माळवदाला डोकं लागू नये म्हणून जरा वाकून, मांडी घालून बसला. आता ते वर होते आणि सून खाली होती. ताट मुलीनं टाचा उंचावून वर दिलं.

"दे गं बाई, भाकर," ते म्हणाले. तिनं खुर्ची फिरवली आणि गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. कसंबसं म्हटलं, "आबा, एवढ्या उंचावरून उतरताना एखाद्या दिवशी पडाल की हो!"

त्यांनी घास मोडला. सुनेकडं न बघता म्हणाले, "मी पडलो तर मला दुखंल तरी, बाई. तिला तर तेबी कळत न्हाई."