खालच्या पायरीवरचा शेट्टी

म्हैसूरच्या आमच्या कुवेंपुनगरात माझ्याइतका हुशार माणूस नाही, हे मी स्वतःच घरोघर सांगून ठेवलंय. त्यामुळे बायकोने रंगवलेल्या कार्डांचे डेक कॉम्प्युटरवर चढवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

खेळ तिचा. दसऱ्याच्या मिरवणुकीचा. हत्ती, घोडे, माहूत, मशालवाले, ज्याने त्याने आपला डेक जुळवायचा आणि समोरच्याची मिरवणूक अडवायची. त्यातली राणी तिने इतक्या वेळा पुसून रंगवली की तेवढ्या रंगात अख्खा राजवाडा आतून-बाहेरून निघाला असता. पुण्याचे एक प्रकाशक म्हणाले, "आधी कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन टेबलावर माझ्याशी एक डाव खेळून दाखवा. आवडला तर छापू."

त्या टेबलाला सुटी कार्डं चालत नाहीत. सगळी एकाच मोठ्या चित्रात रांगेने चिकटवून द्यायची. मी चिकटवली. उजवीकडचा अगदी शेवटचा चौकोन मोकळा राहिला. सूचनांत त्याबद्दल काहीतरी होतं, पण त्या सूचना वाचून होईपर्यंत माणूस श्रीरंगपट्टणला चालत जाऊन, जेवून, परत येईल.

तेवढ्यात आई मागून डोकावली. तिला त्या रांगा म्हणजे दसऱ्यात घरोघर बाहुल्या मांडतात त्या पायऱ्याच वाटल्या.

"अय्यो, खालची पायरी मोकळी? शेट्टी कुठाय रे?"

आता म्हैसुरात बाहुल्या मांडल्या की खाली किराणा मांडून बसलेला ढेरपोट्या शेट्टी हवाच. बायकोने त्याचंही कार्ड केलं होतं. तेच आणखी एकदा त्या कोपऱ्यात बसवलं.

"हां, आता साकु," आई म्हणाली. पुरे झालं म्हणजे.

संध्याकाळी डाव सुरू झाला. बायको माझ्या खुर्चीमागे उभी. प्रकाशकांचा आवाज आला, "अहो, तुमच्या हातात सगळे शेट्टीच?"

माझ्या हातात तर हत्ती, घोडा, माहूत. त्यांच्या हातात पाहिलं, तर शेट्टी, शेट्टी आणि शेट्टी. मी घाईघाईने हत्ती टाकला.

"आं? शेट्टीचा हत्ती कसा झाला?"

"म्हैसूर आहे साहेब, इथं होतं असं."

ते हसले नाहीत. मी खेळता खेळता सूचना उघडल्या. त्यांत लिहिलं होतं: समोरच्याच्या हातातली कार्डं दिसू नयेत म्हणून त्यांच्या जागी त्या शेवटच्या चौकोनातलं चित्र दिसतं, तिथे खेळातलं कार्ड लावू नका. आता दुरुस्त करायचं तर डाव मोडून चित्र नव्याने चढवायचं, आणि आमचं इंटरनेट त्या दिवशी दसऱ्याच्या जंबो सवारीतल्या म्हाताऱ्या हत्तीसारखं चाललेलं.

"साहेब, फक्त दहा मिनिटं..."

"राहू द्या. यात खरा शेट्टी कुठला तेच मला समजेना. दसऱ्यानंतर बघू." आणि ते गेले.

शेट्टीचा दोष अंगावर यायला नको म्हणून आईने देवघराकडे पाय काढला.

बायको पुढे वाकली. प्रकाशक गेले तरी त्यांच्या हातातली कार्डं टेबलाच्या पलीकडे तशीच उभी होती.

"अहो, त्यांना राणी आली होती का हो? निदान पाहिली तरी असेल?"

मी पडद्याजवळ नाक नेलं. पलीकडून तमाम शेट्टी तराजू धरून माझ्याकडे बघून हसत होते.