कुमुदने न झाडलेली गोळी

फोन आला तेव्हा मी नाशिकला बँकेत रांगेत उभी होते. अविनाशरावांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "नीलावहिनी, कुमुद गेली. झोपेतच. त्रास झाला नसावा, डॉक्टर म्हणाले." मग म्हणाले, "तुम्हाला आधी कळवायचं, असं तिनंच सांगून ठेवलं होतं." माझा नंबर आला, काउंटरवरच्या मुलीनं दोनदा हाक मारली, आणि मी पासबुक हातात धरून तशीच बाहेर पायरीवर येऊन बसले. याला आता दीड महिना होईल. कोल्हापुरात तिच्यासाठी झालेल्या सभेत लोक भरभरून बोलले. एके काळची राज्य पातळीवरची पिस्तूल नेमबाज, शांत स्वभावाची, संसारात रमलेली... सगळं खरंच होतं. पण मस्कतचं कुणीच काही बोललं नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. ती एकदा म्हणाली होती, "मी असेपर्यंत नको. नंतर लिही हवं तर." अविनाशरावांना मी विचारलं, ते हो म्हणाले, म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही मस्कतच्या अल् घुब्रा भागात राहायला गेलो. इंडियन स्कूल चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून त्या भागात पगारदार भारतीय कुटुंबंच जास्त. आमच्या समोरचा फ्लॅट कुमुदचा. अविनाशराव एका ओमानी मालकाच्या बांधकाम कंपनीत अकाउंट्स बघायचे आणि कुमुद घरी असायची. त्यांची मुलगी ऋता आणि माझा मुलगा एकाच वर्गात. दोघं आपसात इंग्रजीतच बोलायची, आणि आम्ही दोघी त्यांना मराठीत ओढून आणायच्या खटपटीत असायचो. पहिल्याच आठवड्यात मी वाटीभर विरजण मागायला गेले तर दार उघडंच होतं. कुमुद भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या ताठ सरळ धरलेल्या उजव्या हातात जड इस्त्री होती. डोळे भिंतीवरच्या कुठल्याशा ठिपक्यावर, हात दगडासारखा स्थिर. मी खाकरले तशी तिनं इस्त्री खाली ठेवली आणि लाजून हसली. "जुनी सवय आहे गं. कॉलेजात रोज करायचो, खांदा पक्का व्हायला." मग हळूहळू कळत गेलं. एनसीसीतून ती नेमबाजीत गेली, कोल्हापूरच्या रेंजवर वाढली, कप-पदकं मिळाली. पंचविसाव्या वर्षी लग्न झालं आणि सगळं थांबलं. कुणी बंदी घातली नव्हती, फक्त नंतर कुणी विचारलंच नाही. "पदकं कुठायत?" मी विचारलं होतं. "सासरी, माळ्यावर. पितळी भांड्यांच्या पिंपात," ती म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

अविनाशरावांचे अर्बाब, म्हणजे मालक, उतारवयाचे, हौशी गृहस्थ होते. किनाऱ्यावरच्या खाबुरा गावाच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं मोठं फार्म होतं. समुद्राकडे खजूर आणि लिंबं, आणि मागे तारेच्या कुंपणात मैलभर मोकळं माळरान, काटेरी झाडं, त्यात हरणं पाळलेली. आपल्याकडच्या चिंकाऱ्यासारखी, काटकुळी, पोटाखाली पांढरी. हरणांच्या शिकारीला त्या देशात बंदी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुंपणाच्या आतलं ते माझं, असा अर्बाबांचा खाक्या, आणि त्यांच्यापुढे बोलणार कोण? हिवाळ्यात एखाद्या शुक्रवारी ते ऑफिसच्या लोकांना सहकुटुंब जेवायला बोलवायचे. त्या वर्षी आम्हालाही शेजारी म्हणून आमंत्रण होतं.

जेवणं झाल्यावर अर्बाबांनी एक लांब नळीचं रिव्हॉल्व्हर आणवलं. त्यांच्या मेहुण्यानं आणलेलं, नवं कोरं. मेहुण्याचं म्हणणं, याने हरीण मारणं कुणाच्या बापाला जमायचं नाही, रायफलच पाहिजे. अर्बाब मोडक्या हिंदीत सगळ्यांना सांगू लागले, "राइफल से क्या शिकार? गाडी में बैठा, दूर से ठो, खलास. इसके साथ पास जाना पडता. उसको भी मौका, तुमको भी मौका." आणि तेवढ्यात अविनाशराव कौतुकानं बोलून गेले की माझी बायको पिस्तुलाची चॅम्पियन होती. सगळे हसले. त्या हसण्यानं की कशानं, कुमुद उठली. कुंपणाच्या खांबावर तेलाचा रिकामा डबा ठेवला होता. तिनं ते रिव्हॉल्व्हर हातात तोललं, एकदा दोन्ही हातांनी धरून पाहिलं, पदर खोचला आणि डबा पाडला. परत ठेवला, परत पाडला. हसणं थांबलं होतं. अर्बाब जागेवरून उठून आले आणि आदबीनं म्हणाले, "मॅडम, कल सुबह मेरे साथ चलो."

आम्ही मुक्काम केला. पहाटे अर्बाब, कुमुद आणि फार्म सांभाळणारे हमीदभाई, असे तिघं चालत आत गेले. हमीदभाई दापोलीकडचे, वीस-पंचवीस वर्षं तिथं काढलेले, आमच्याशी घरच्यासारखं मराठी बोलायचे. मी मुलांना चहा आणि खबूस, म्हणजे तिथली रोटी, देत बसले होते. अविनाशराव येरझाऱ्या घालत होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, "ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं का हो?" मी म्हटलं, "तुम्हीच तर सांगितलंत तिच्याबद्दल." मग एकच आवाज आला, कोरडा. पाखरं उडाली आणि परत सगळं शांत झालं. ती परत आली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. मला वाटलं होतं रडवेली असेल. तिच्या गालावर रंग चढला होता. दहा वर्षांनी लहान दिसत होती. तिनं हात धुतले, ऋताची वेणी घातली, आणि परतीच्या वाटेवर गाडीत गुणगुणत होती. मला त्या गुणगुणण्याची भीती वाटली होती, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात अर्बाबांचा पुन्हा निरोप आला. ती पुन्हा गेली, आणि पुन्हा एका गोळीत काम झालं. त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर कपडे काढत होतो. मी विचारलंच, "कुमुद, तुला काहीच वाटत नाही का गं?" तिनं चादरीची टोकं जुळवली, माझ्याकडे दिली. म्हणाली, "वाटतं ना. कागदावर नेम धरायचे तेव्हा आत सगळं गप्प व्हायचं बघ. श्वाससुद्धा दुसऱ्याचा वाटायचा. लग्नानंतर ते कधी झालंच नाही. देवापुढे बसून पण नाही. तिथं झालं. ते हरीण इतकं जवळ होतं, त्याच्या पापण्या दिसत होत्या... आणि मी गप्प झाले." मग चादर छातीशी धरून उभी राहिली. "मारल्याचं वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं, नीला. मला आवडलं. मला त्याचीच भीती वाटते." खाली मुलं क्रिकेट खेळत होती. आम्ही उरलेले कपडे घड्या करून खाली आणले.

तिसऱ्या वर्षी ती नाही म्हणाली होती. मला तिनं तसं सांगितलंही होतं. पण त्या वर्षी अर्बाबांकडे पाहुणे येणार होते, त्यांनी तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवलेलं, आणि अविनाशरावांना स्पष्ट नकार देववेना. तिनं नवऱ्याला दोष कधीच दिला नाही. "मला जायचंच होतं. यांनी विचारलं म्हणून मला बरं कारण मिळालं," असं ती पुढे म्हणायची. त्याच्या आधीच्या आठवड्यात डोंगरात पाऊस होऊन वादीला लोंढा आला होता. कोरड्या ओढ्याला तिथं वादी म्हणतात. एरवी खडखडीत, पण पाणी आलं की मोटारी वाहून नेणारी. त्या लोंढ्यानं मागचं कुंपण एके ठिकाणी आडवं केलं होतं. ते अजून कुणी उभं केलं नव्हतं.

त्या दिवशीही मी चुलीपाशी होते. आवाज आला, आणि आम्ही वाट पाहिली. कुणी परतलं नाही. ऊन वर आलं. सोबत गेलेले पाहुणे गाडीतून परत आले, आपसात हसत, हात झटकत. अर्बाब मागून आले, जरा नाराज. "रह गया. एक हिरन, खलास, क्या बात है," म्हणाले. कुमुद आलीच नाही. दुपार कलल्यावर हमीदभाईंनी तिला आणलं. पायातली चप्पल तुटलेली, साडीचा काठ काट्यांनी फाटलेला, ओठ सुकलेले. काय झालं ते तिनं मला त्या रात्री नाही, फार उशिरा सांगितलं. चाप ओढतानाच हरणानं मान वळवली, अंग वळलं, आणि गोळी पुढच्या पायाच्या वर लागली. ते पडलं नाही. तीन पायांवर उभं राहून तिच्याकडे बघत राहिलं. "पळालंच नाही गं. उभं होतं. दुसरी गोळी होती माझ्याकडे. अर्बाब मागून म्हणत होते, मारो, मॅडम, मारो. तेवढंच करायचं राहिलं होतं, त्याला सोडवायचं. आणि माझा हात... जो कधी हलला नाही, तो हलायला लागला. मी तो खाली घेतला. मग ते वळलं आणि पडलेल्या कुंपणावरून गेलं."

त्यानंतरचे दोन महिने प्रत्येक शुक्रवारी त्यांची गाडी खाबुऱ्याला जायची. अविनाशराव चालवायचे. बिचारे आठवडाभर ऑफिसात मालकाची नजर चुकवायचे, कारण अर्बाबांना हे वेड आवडलेलं नव्हतं. एकदोनदा मीही गेले. कुमुद वादीच्या गोट्यांतून चालायची, प्रत्येक झुडपाखाली वाकून बघायची. रक्ताचे डाग पहिल्या दिवशीच दगडावर वाळून गेले होते. गिधाडं दिसली की ती थांबायची आणि मग त्यांच्या दिशेनं धावत सुटायची. एकदा ती मेलेली बकरी निघाली. कुमुद तिच्याशेजारी मटकन खाली बसली आणि तिथंच पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

शेवटी एका शुक्रवारी हमीदभाई आम्हाला फाटकाशीच भेटले. त्यांच्या डोक्यावर नेहमीची विणलेली टोपी, हातात विळा. म्हणाले, "वहिनी, आता येऊ नका. जिवंत हाय तो. मी बघितला ना काल, फलजवर पाणी प्यायला आला होता." फलज म्हणजे डोंगरातून शेताला पाणी आणणारा पाट. कुमुद त्यांच्याजवळ गेली. "लंगडतो?" "लंगडतो ना. पण जखम भरली माशाल्ला. चरतो बराबर." "कुठला पाय, हमीदभाई?" त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "उजवा," ते म्हणाले. कुमुदनं मान डोलावली. त्यांना हात जोडले, मुलांसाठी आणलेला लाडवांचा डबा त्यांच्या हातात दिला. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "डावा होता गं." अविनाशरावांनी ऐकलं असावं, कारण गाडी क्षणभर मंदावली. त्यानंतर आम्ही कुणीच तिकडे गेलो नाही.

दोन हजार सालानंतर आम्ही सगळेच एकेक करून परतलो. आम्ही नाशिकला, ते कोल्हापूरला. गावाबाहेर नवी वस्ती होत होती, तिथं त्यांनी छोटं घर बांधलं. ऋता शिकायला परदेशी गेली ती तिकडचीच झाली. कोल्हापूरच्या एका कॉलेजानं कुमुदला मुलींना नेमबाजी शिकवायला बोलावलं होतं. ती एक दिवस गेली, एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिचा ताठरलेला दंड सैल केला, आणि घरी आली. फोनवर मला म्हणाली, "चांगली आहे ती पोर. तिला सगळं येईल. मी तिला एवढं तरी कसं सांगू, की पुढं कुणीतरी विचारील... आणि तू हो म्हणशील?" पुन्हा ती रेंजवर गेली नाही. आमचे फोन चालू राहिले. ऋताचं, माझ्या सुनेचं, गुडघेदुखीचं बोलणं व्हायचं. फक्त कधीकधी मध्येच ती गप्प व्हायची, आणि मला कळायचं की ती शांतता तिच्या जुन्या, कागदावर नेम धरण्याच्या वेळची नाही. ही वेगळी होती. त्यात कुणीतरी उभं होतं.

गेल्या आठवड्यात मी कोल्हापूरला जाऊन आले. अविनाशराव खूप वाळलेत. त्यांनी स्वतः चहा केला, साखर घालायला विसरले. आम्ही दोघांनीही तो तसाच प्यायला. दिवस मावळायला लागला तसे ते उठले आणि स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडून आले. मागे अजून घरं झालेली नाहीत. पडीक रान आहे, घाणेरीची झुडपं, आणि दूर उसाचा फड. त्यांनी दिवा लावला नाही. दाराशी एक पाट मांडलेला होता, त्यावर ते बसले नाहीत, शेजारी जमिनीवर बसले. "रोज याच वेळी इथं बसायची," ते म्हणाले. "डास येतात म्हणून मी ओरडायचो. एकदा चिडून विचारलं, कशाची वाट बघतेस? तर म्हणाली, तुम्ही बोलू नका, बुजेल."

बाहेरचा उजेड करडा होत गेला. डास येत होते. झुडपांत काहीतरी हललं, कुत्रं असेल, वारा असेल. मी अविनाशरावांकडे पाहिलं. त्यांनी श्वास रोखून धरला होता... आणि मीही.