पोर्ट ऑफ स्पेनला 'येतो' म्हणालो

माझ्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी चार टाळकी जमतात आणि त्यातलं एखादं हमखास विचारतं, "तुम्ही म्हणे वेस्ट इंडीजला जाऊन आलात. कसं आहे हो तिथलं शहर?" मी सांगतो, घाण आहे. मंडळी हसतात. सातासमुद्रापलीकडे जाऊन आलेल्या माणसानं राजवाडे, मडमा, बागबगीचे असलं काहीतरी सांगायचं असतं, अशी त्यांची समजूत. मला मात्र पोर्ट ऑफ स्पेनचं नाव काढलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, आणि ते ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

घरातून निघताना मी 'जातो' म्हणतो, यावरूनही आमच्याकडे रोज कुरबुर होते. आई होती तोवर ती उंबऱ्याशी येऊन टोकायची, "अरे, 'येतो' म्हणावं." आता बायको टोकते. मी वाद घालत बसत नाही. चपला घालतो आणि चालू लागतो.

त्या मुलखात गेलो तो प्लेगमुळे. महाराजांच्या राज्यात प्लेग आला तेव्हा निम्मं कोल्हापूर माळावरच्या झोपड्यांत जाऊन राहिलं होतं. तिथल्या छावणीत मी जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला, औषधाच्या मात्रा करायला शिकलो. साथ ओसरली तशी आमची गरजही ओसरली. मग कुणाकडून तरी कळलं की कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांवर मजूर घेऊन आगबोटी जातात, त्यांना कंपाउंडर लागतात. आईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तरी मी गेलोच.

बोटीवर तीन महिने मी माणसांची हगवण काढली, उलट्या पुसल्या, खरूज धुतली. किळस म्हणून आली नाही. कार्बोलिक साबणाचा वास आणि पगार, या दोन गोष्टी किळसेला पुरून उरतात. एवढंच काय, परत आल्यावर आईनं मला पंचगंगेवर नेऊन भटजींकडून शुद्ध करून घेतलं, गोमूत्र-शेण घातलेलं पंचगव्य पाजलं, तेही मी घटाघटा प्यायलो. मी काही नाजूक माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मजूर उतरवल्यावर बोट गंधकाची धुरी देऊन धुवायची होती. मग मळ्यावरच्या कराराची मुदत संपलेले लोक भरून ती हिंदुस्थानला परतणार. मधले नऊ दिवस आम्हाला सुट्टी. हातात थोडी उचल मिळाली, आणि मी ठरवलं की साहेबासारखं शहर बघायचं. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर, ख्रिस्ती लोकांचं मोठं देऊळ, झाडांची सावली असलेला चौक, असं बरंच ऐकलं होतं.

उचल बेताची, त्यामुळे खोलीही बेताची मिळाली. खाली खारवलेल्या मासळीचं दुकान, वर मी. गादीवर आधीच्या माणसाचे केस होते. उशी उचलली तर ढेकणांनी तिकडची बाजू आधीच धरलेली. मालकिणीनं सकाळी वाडग्यात काहीतरी आणून ठेवलं, त्यावर डुकराच्या चरबीचा तवंग. मी ते तसंच सारलं आणि नऊही दिवस केळी व भाजलेली कणसं खाऊन काढली. रस्त्यांच्या कडेनं उघडी गटारं, त्यात भाताचं खरकटं, कोंबड्यांची आतडी, आणि ते खायला भर रस्त्यात काळी गिधाडं. आपल्याकडे गिधाड गावाबाहेर, मेलेल्या ढोरावर. तिथं ती दुकानांच्या पायरीवर बसत आणि माणसं त्यांना वळसा घालून जात. त्यांना मारायचं नाही असा सरकारी हुकूम होता म्हणे, कारण शहर झाडायचं काम तीच करत.

देऊळ पाहिलं. मोठं होतं. आत मेणबत्त्यांचा कोंदट वास आणि दारात एक महारोगी. बाहेर आलो.

तिसऱ्या दिवशी त्या झाडांच्या चौकात बसून केळं सोलत होतो, तर एक गिधाड चालत चालत थेट माझ्या पायाशी आलं. चोचीतून काहीतरी लोंबत होतं. मी उठलो, चप्पल भिरकावली आणि ओरडलो, "हाड्, मेल्या! थू, काय घाण हाय ही!"

मागून आवाज आला, "व्हय पावणं, लई घाण हाय."

मी वळलो. झाडाच्या बुंध्याशी एक म्हातारा बसला होता. त्या चौकात मळ्यावरून सुटलेले बरेच हिंदी लोक पडून असत, त्यांच्याकडे मी बघायचंही टाळत होतो. हा त्यातलाच. हाडं आणि कातडं, कमरेला चिंधी.

"कुठलं म्हनायचं तुमी?" त्यानं विचारलं.

"कोल्हापूर."

म्हातारा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "आमी मलकापूरकडलं." आणि रडायला लागला.

दहा वर्षांचा होता तेव्हा बाप त्याला घेऊन कामाच्या शोधात मद्रासेकडे गेला आणि तिथून बोटीवर चढला. बाप मळ्यातच मेला. पुढं मराठी बोलायला कुणी उरलं नाही. त्याच्या बोलण्यात निम्मे शब्द हिंदी होते, काही तर कुठलेच नव्हते. वाक्य मध्येच तुटायचं आणि तो हात हलवून शब्द शोधायचा. आंब्याच्या घाटात अजून धुकं पडतं का, असं त्यानं मला दोनदा विचारलं.

मला खरंच बरं वाटलं होतं. पाच मिनिटं वाटलं. मग वारा फिरला आणि वास आला.

त्याच्या उजव्या पायाला, घोट्याच्या वर, हाताच्या तळव्याएवढी जखम होती. तिच्यावर कसलीशी पानं आणि मळकी चिंधी. चिंधी त्यानं मला दाखवायला बाजूला केली, तर आत अळ्या वळवळत होत्या.

"माझ्याकडं कागद हाय की," तो म्हणाला आणि कमरेची मेणकापडाची घडी काढली. परतीच्या प्रवासाचा परवाना होता, खराखुरा. "दोन बोटी गेल्या. डागदर पाय बघतो आन् न्हाय म्हनतो. तुमी दवाईवालं. पाच दिस पट्टी करा. मंग घील त्यो मला."

त्याचं काही चुकत नव्हतं. माझ्या पिशवीत जखमेवर टाकायची आयोडोफॉर्मची पूड होती, स्वच्छ फडकी होती. पाच दिवस धुऊन बांधली असती तर जखम साफ होऊन लाल झाली असती, आणि आमचा डॉक्टर लाल जखमेला अडवत नसे. याहून वाईट पाय मी बोटीवर बांधले होते. पण तिथं ती माणसं म्हणजे काम होतं. इथं मी सुट्टीवर, साहेब होऊन फिरायला निघालेला, आणि ही सडलेली गोष्ट माझ्या भाषेत बोलत होती, मला पावणं म्हणत होती. परका असता तर बहुतेक बांधली असती. तो आपला निघाला म्हणून मला शिसारी आली. इतक्या वर्षांनी लिहितानाही हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण खरं तेच आहे.

मी केळ्याची साल टाकून उठलो. नाक दाबायचं तेवढं राहिलं होतं. निघताना आपण जे म्हणतो तेच तोंडातून निघालं, "बरं, येतो."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "उद्या सकाळी? मंग मी हितंच बसतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जाताना 'येतो' म्हणायची आपली रीत त्याच्या कानातून कधीच पुसली गेली होती. त्याला शब्द तेवढा उरला होता, आणि शब्दाचा अर्थ तर सरळ होता. 'तसं नव्हे हो' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण ते म्हणायचं तर आणखी श्वास घ्यावा लागला असता. मी मान डोलावली आणि निघून आलो.

पुढचे पाच दिवस त्या चौकातून गेलो नाही. गटाराच्या गल्लीतून लांबचा फेरा मारून जायचो. शहर बघायचं म्हणून बघत होतो. बाजार, किल्ला, साहेबांचे बंगले. सगळ्याला तोच वास येत होता. अंगरखा दोनदा धुतला.

नवव्या दिवशी धक्क्यावर गेलो. बोट खोल पाण्यात लांब उभी, तिकडे नेणारी लाँच सुटायच्या बेतात. परतणारे लोक आदल्या दिवशीच चढले होते. मी डॉक्टरच्या शेजारी बसलो आणि सहज वळून पाहिलं. धक्क्याच्या फाटकाशी तो उभा होता. डोक्याला धुतलेलं फडकं, काखेत गाठोडं, हातात तो कागद. शिपायानं आडवी काठी धरली होती.

"पावणं," त्यानं हाक मारली. "रोज बसलो की हो तितं. आता बगा, समिंदराच्या पान्यानं धुतलाय पाय. नीट धुतलाय. आता न्हाय किळस यायची."

त्यानं पाय पुढं केला. पांढरी चिंधी घट्ट बांधली होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

डॉक्टरनं विचारलं, हा माणूस काय म्हणतोय? मी म्हणालो, काही नाही, ओळखीचा आहे, निरोप द्यायला आलाय. दोर सुटला. लाँच धक्क्यापासून हातभर लांब गेली. म्हाताऱ्यानं हात वर केला, म्हणून मीही केला. आणि हात वर केल्यावर जन्मभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "येतो."

त्यानं ते ऐकलं. शिपायाकडे वळून तो त्याला तिथल्या बोलीत काहीतरी समजावून सांगू लागला, माझ्याकडे बोट दाखवत. शिपायानं काठी खाली घेतली. मग म्हाताऱ्यानं फाटकाच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला आडवं होणार नाही अशा बेतानं गाठोडं ठेवलं आणि त्यावर वाट बघत बसला.