डावीकडची पोरगी

फ्लेक्सच्या धंद्यात गिऱ्हाईक दोनच कारणांनी येतं: कुणाचा तरी वाढदिवस असतो, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं. पुणे-नाशिक रस्त्याला, कळंबजवळ, माझं फोटो स्टुडिओ आणि फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवसवाले चार वेळा येऊन आपला गॉगल नीट दिसतोय का ते बघून जातात. श्रद्धांजलीवाल्यांना मात्र सगळं तासाभरात हवं असतं, आणि ते काहीच तपासत नाहीत.

त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे बारा फ्लेक्स मशीनवर होते आणि पारगावच्या बाजूचा एक मुकादम आला. ऊसतोडीच्या टोळ्या आणणारा माणूस. "ताई, टोळीतल्या पोरीला वाघानं नेलं," तो म्हणाला. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. त्यानं मोबाइल माझ्याकडं फिरवून काउंटरवर ठेवला. फोटोत दोन बहिणी गळ्यात गळा घालून उभ्या होत्या, थोरली चौदाची, धाकटी बाराची, पण दोघी एका साच्यातून काढलेल्या. एक स्थिर, सरळ बघणारी. दुसरी हसताना हललेली, तिचा चेहरा पुसट.

"कुठली?" मी विचारलं.

"डावीकडची."

तो पलीकडून, उलट्या बाजूनं बघत होता. त्याची डावी ती माझी उजवी. पंचवीस वर्षं काउंटरमागं उभ्या राहिलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं. पण माझ्या डावीकडची नेमकी स्पष्ट होती, आणि मला बरंच वाटलं, काम सोपं झालं म्हणून. हायवेला 'अति घाई, संकटात नेई' असे बोर्ड असतात ना, त्यातले दोन-चार मीच छापलेत. वीस मिनिटांत तो चेहरा कापला, उजळला, मागं निळं आभाळ टाकलं, खाली फुलं. नाव धाकटीचं, तोंड थोरलीचं. मुकादम गुंडाळी बगलेत मारून गेला.

पुढचं मला आठ दिवसांनी कळलं, ऊसतोडीच्या मुलांना शिकवायला जाणाऱ्या एका बाईंकडून. गेलेल्या पोरीचं तोंड आईला कुणी दाखवलं नव्हतं. दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. धाकटी गेली असं लोक सांगत होते, पण न बघता तिला ते पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला आणि आईनं तो पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. तोंड मात्र तिनं ओळखलं. थोरली गेली, असं समजून ती तिथंच रस्त्यात खाली बसली, आणि तिला उठवायला थोरलीच धावत आली. आईनं तिचे गाल दोन्ही हातांत धरले, धाकटीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तू तरी राहिलीस."

लोकांनी समजावलं, फ्लेक्स उतरवला, नवऱ्यानं शपथा घातल्या. तिच्या डोक्यातून काही ते निघालं नाही. मी काय केलं? काहीच नाही. हंगाम संपला, टोळी बीडकडं परत गेली आणि मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. याची आजही लाज वाटते.

पुढच्या दिवाळीनंतर टोळी पुन्हा आली. त्या शिक्षिका बाई दुकानात येऊन म्हणाल्या, टोळीतली चौदा-पंधरा वर्षांची पोरं धड शाळेत नाहीत, धड मोठ्यांत नाहीत. गावात त्यांना कुणी नावानं ओळखत नाही. त्यांचे फोटो काढाल का, पण ते सांगतील तसे? मी लगेच हो म्हणाले. बाईंना वाटलं, केवढं हे मोठं मन! चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत होती. दर रविवारी स्कूटर काढताना वाटायचं, आज कुणीतरी विचारणार.

नियम एकच ठेवला होता. ज्याचा फोटो त्यानं ठरवायचं, कुठं उभं राहायचं, काय घालायचं, कसं बघायचं. कॅमेऱ्याचा रिमोटही त्याच्याच हातात. मी फक्त उजेड सांभाळायचा. एकाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा तो अजस्र तवा मागं हवा होता. नेलं त्याला स्कूटरवर, कुंपणाबाहेरून काढला. एका पोरीनं निव्वळ पायांचा काढायला लावला. मी आपली लग्नाच्या अल्बमवाली, "बाळा, जरा हस ना" म्हणायची सवय. तोंडावर हात ठेवायला शिकले.

त्या कुटुंबाच्या कोपीपाशी जायला मला तीन रविवार लागले. ऊसतोडीच्या झोपड्या, त्यांना कोपी म्हणतात, जुन्या फ्लेक्सनीच झाकलेल्या असतात. कुणी पुढारी छतावर उलटा हसत असतो, कुणाचा अर्धाच हात जोडलेला. मी वाकून आत डोकावले तर समोरच्या भिंतीला माझा फ्लेक्स. निळं आभाळ, खाली फुलं, कपाळावर खरं हळदीकुंकू लावलेलं आणि वरून झेंडूचा हार. त्याच्या बरोबर खाली तेच तोंड जमिनीवर बसून तांदूळ निवडत होतं. त्यानं मान वर केली. वरचं आणि खालचं, दोन्ही माझ्याकडं बघत होती.

मागून आई आली. साधी, दमलेली, हसरी बाई. वेड्यासारखं तिच्यात काही नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "ही माझी धाकली," ती म्हणाली. "थोरली ही, वरली. वाघानं नेली." मग तिनं पोरीला पुढ्यात घेतलं आणि तिच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या. पंधरा वर्षांची पोरगी मान खाली घालून बसून राहिली.

बाप मला बाहेर भेटला. "ऱ्हाऊ द्या ताई," तो हळूच म्हणाला. "एकदा मानलंया तिनं. धाकली गेली म्हनून सांगितलं तर ही बी जाईल. अशी जेवती तरी."

स्कूटरपाशी पोचले तर पोरगी मागं उभी होती.

"त्यो फ्लेक्स तुमीच छापला न्हवं?"

"हो."

"मंग माझा बी फोटू काढा. माझा."

मी माफी मागायला लागले, तर तिनं ती ऐकूनच घेतली नाही. तिला घाई होती. पहिल्यांदा आईसाठी म्हणून ती धाकटीच्या नावाला ओ द्यायची. वर्ष झालं. आई तिला बैलांजवळ जाऊ देत नव्हती, तू लहान आहेस म्हणून. आणि गाडी जुंपणं हे तर थोरलीचंच काम होतं, तिचं सगळ्यात आवडतं. "आता कुनी माझ्या नावानं हाक मारली ना ताई, तर मी मागंच बघत न्हाई," ती म्हणाली. "परवा बापानं तीनदा हाक मारली. मला वाटलं, मेलेलीला कशापायी हाका मारतोय."

मी स्कूटरचं हँडल घट्ट धरलं. म्हटलं, "बोल, कसा काढायचा तुझा?"

"आदी तिचा काढायचा."

"कुणाचा?"

"धाकलीचा. तिचा एक बी धड फोटू न्हाई. म्हनून तर आयला कळंना कोन गेलं."

पुढच्या रविवारी दुपारी ती धाकटीचा फ्रॉक घालून आली. पाठीवर बंद लागत नव्हते, पिना मारल्या होत्या. तोडून मोकळ्या झालेल्या शेताच्या कडेला, उभ्या उसाला पाठ करून ती उभी राहिली. वाघ तिथूनच आला होता, म्हणून मी नको म्हणत होते. पण नियम माझाच. तिनं डोळे मिटले, खालचा ओठ दातात धरला, एक खांदा वर घेतला. मग अंगात कुणी यावं तशी ती जागच्या जागी हलायला लागली, एका पायावरून दुसऱ्या पायावर, हसू आवरत नसल्यासारखी. रिमोटचा आवाज झाला. पुन्हा झाला.

मागं पोरं लगोरी खेळत होती, ती गप्प झाली. त्यातलं एक लहानगं त्या मेलेल्या पोरीचं नाव घेऊन रडत कोपीकडं पळालं. एका म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. वारा नव्हता, तरी उसाचं पाचट वाजत होतं. मी म्हटलं, "बास गं, झालं." मी तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. तिनं बघितलं नाही. "आजून एक," ती बारीक आवाजात म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता. मी देवाचं नाव घेतलं. पोरीचं भलं करायला आले होते, आणि होती तीही आपल्या हातानं घालवून बसले, असं वाटलं.

शेवटी मीच पुढं होऊन तिच्या वेण्यांच्या रिबिनी सोडल्या. ती भानावर आली तशी खाली बसली आणि घाम पुसायला लागली.

"आता तुझा," मी म्हटलं.

तिनं कपडे बदलले, कॅमेऱ्यासमोर आली आणि उभीच राहिली. एक चेहरा केला, पुसला. दुसरा केला. "माझं तोंड कसं असायचं, ताई?" तिनं विचारलं. मला काय ठाऊक? थोरली म्हणून मी तिला एकदाच पाहिलं होतं, मोबाइलमध्ये, आणि कात्रीनं कापावं तसं कापलं होतं. सरळ बघितलं की फ्लेक्सवरची दिसायची. हसली की धाकटी.

मग ती बैलांकडं चालू लागली. आई फडात ऊस तोडत होती. मी कॅमेरा उचलून मागं गेले. तिनं जिभेनं टकटक असा आवाज केला. लांबच्या बैलानं वैरणीतून मान काढली, दावं ताणून पुढं आला आणि तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत जीभ फिरवली. "वळखतंय," ती म्हणाली. तिनं त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि त्याच्याशीच काहीतरी बोलता बोलता रिमोट दाबला. फोटोत ती कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये. मी म्हटलं, एकदा तरी बघ की इकडं. "मेल्यालीच बघत्यात तसं," ती म्हणाली.

दुकानात येऊन फोटो कॉम्प्युटरवर घेतले. आमच्याकडं लग्नाच्या फोटोंसाठी एक प्रोग्रॅम आहे, तो चेहरे ओळखून एकेका माणसाचे फोटो वेगळे लावतो. दिवसभरात मी एकाच पोरीचे फोटो काढले होते. त्यानं दोन माणसं दाखवली. मी तो बंद केला, पुन्हा चालू केला. दोनच. मी दोन्ही फोटो एका मापात छापले, फ्रेम केले आणि त्या रात्री दुकानाचं शटर दोनदा ओढून बघितलं.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी आई फडातून परतली. हात उसाच्या चिकानं काळे. बाप दारात आडवा आला. "ताई, पाया पडतो," तो म्हणाला. पोरगी त्याच्या हाताखालून वाकून आत गेली आणि तिनं पहिली फ्रेम आईच्या मांडीवर ठेवली.

आई बराच वेळ बघत बसली. "हालली," ती म्हणाली. "हिला कवा एका जागी उभं ऱ्हाता आलंय?" बोटानं तिनं त्या दातात धरलेल्या ओठाला हात लावला. मग धाकटीचं नाव घेतलं. वर्षभर ते नाव ती रोज घेत होती, पण हा घेण्याचा सूर वेगळा होता. तिनं दाराकडं बघितलं, उसाकडं बघितलं, पुन्हा फ्रेमकडं. आणि मग जो हंबरडा फोडला तो ऐकून सगळ्या कोप्यांमधली माणसं बाहेर आली.

मला पळून जायचं होतं. बापानं तिला धरलं होतं आणि तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की मी खाली बघितलं. पोरगी रडली नाही. दुसरी फ्रेम मांडीवर पालथी घालून ती आईच्या समोर बसून राहिली. तिनं ती दाखवलीच नाही.

शेवटी आईनं पदरानं तोंड पुसलं, उठली, फ्लेक्सवरचा हार काढला आणि दोन वेढे देऊन त्या लहानशा फ्रेमला घातला. मग तिची नजर समोर गेली. लांबच्या गावाहून कुणी दारात येऊन उभं राहावं, तशी ती थोरलीकडं बघायला लागली. केसांपासून पायांपर्यंत.

"आन तू गं?" ती म्हणाली. "तू कवा आलीस?"

"मगाशी," पोरगी म्हणाली. "बैलास्नी पानी पाजून आले."