गुत्त्यातले भूपालआप्पा

गेल्या महिन्यातली गोष्ट. निपाणीहून येणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर एका तपकीरवाल्याचा निरोप घेऊन बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या छापखान्यात आला. लेबलांचं काम सांगून झाल्यावर निघता निघता म्हणाला, "मालक, भूपालआप्पा गेले. सकाळी शेताकडं जाऊन आले, सोप्यात टेकले, ते टेकलेच..." माझ्या हातातला छपाईचा खिळा हातातच राहिला. आमच्या नव्या कंपोझिटरनं विचारलं, "कोण हो भूपालआप्पा?" काय सांगायचं? निपाणीचे जैन शेतकरी, तंबाखू पिकवायचे, थोडा तपकिरीचा धंदाही करायचे. पानाला चुना लावला तर तेवढंच काय ते व्यसन. दिवस मावळल्यावर अन्न तर सोडाच, पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचे नाहीत. आणि एवढं सगळं असून मला आठवतात ते दारूच्या गुत्त्यात बसलेले आप्पा. हे त्या पोराला उभ्या उभ्या कसं समजावणार?

माझी उमेदीची वर्षं निपाणीत गेली. एका लहानशा छापखान्यात मी खिळे जुळवायचो. आप्पा तिथं तपकिरीच्या डब्यांची लेबलं छापून घ्यायला आले, तीच आमची पहिली भेट. त्यांना लेबलावर तंबाखूचं पान हवं होतं. आमच्याकडं ठसा होता तो मोराचा. मी आपला मोर किती शोभून दिसेल ते पटवून सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोर तपकीर वढतोय व्हय रं?" आम्ही दोघंही इतके हसलो, की आतून मालक बघायला आले. शेवटी मोरच छापला गेला. आप्पा माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, पण त्या दिवसापासून बाजाराला आले की छापखान्याच्या पायरीवर घटकाभर बसून गेल्याशिवाय राहायचे नाहीत. माणूस फार बोलका होता असं नाही. बैलांचं कौतुक मात्र सुरू झालं, की थांबायचं नाही. त्यांच्या बैलांसारखे बैल चिकोडीपासून कोल्हापूरपर्यंत कुणाच्या दावणीला नव्हते, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते खोडून काढायची सोय नव्हती.

मग मानमोडीची साथ आली. तापानं अंग मोडून यायचं आणि चार दिवसांत माणूस होत्याचा नव्हता व्हायचा. आम्ही नवराबायको दोघंही पडलो. मी उठलो. सुंद्रा उठली नाही. आमच्या लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती... त्यानंतर घरात पाऊल टाकवेना. काम सुटलं, की मी बाजारामागच्या बोळात सिद्रामच्या गुत्त्यात जाऊन बसू लागलो. पत्र्याचं बुटकं छप्पर, पाणी मारलेली ओली जमीन, चार बाकडी, बशीत भाजके हरभरे. तिथं मला कुणी काही विचारत नसे. ती जागा मला आवडायची ती एवढ्यासाठीच.

एका संध्याकाळी गुत्त्याच्या दारात पांढरंशुभ्र धोतर आणि डोक्याला पटका दिसला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस कुणालातरी बखोट धरून बाहेर काढणार. आप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. सिद्राम गडबडला. "बर्री, या आप्पा... तुमास्नी काय देऊ?"

"मला काय नको. दिस मावळलाय."

एवढंच. मी उपदेशाची वाट बघत बसलो. उपदेश काही आला नाही. तंबाखूचा खुडा कसा चाललाय, यंदा पान किती रुंद आलंय, असलंच काहीतरी ते बोलत राहिले. मी उठलो तेव्हा उठले, मला माझ्या दारापर्यंत सोडलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्याही. कधी गप्प बसायचे, कधी दिवसभराच्या कष्टानं बाकड्यावरच डुलकी लागून घोरायचे, मग गिऱ्हाइकं त्यांच्या भोवतीनं हळू बोलायची. सिद्रामनं त्यांच्यासाठी चिंचेनं घासलेला तांब्या भरून ठेवला होता. दिवस मावळल्यावर हा माणूस पाणीही पीत नाही हे कळलं, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "असलं गिऱ्हाईक मी जल्मात बघितलं न्हाय," म्हणाला.

एकदा मीच चिडलो. "आप्पा, मला काय सांगायचं असंल ते एकदाच सांगा नि जावा."

"मला कुठं येतंय सांगाय? तुझ्या घरात चूल पेटत न्हाय. तू हितं सापडतोस. म्हणून हितं येतोय."

असे दोन-तीन महिने गेले असतील. एक दिवस आप्पा यायच्या आधी सिद्राम माझ्याजवळ येऊन वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दत्तूमास्तर, त्या मानसाच्या लेकीचं लगीन मोडाय लागलंय. बस्तीत चर्चा हाय, आप्पा रोज गुत्त्यात बसतोय म्हणून. पंचांनी बोलावून बी विचारलं म्हणं." बस्ती म्हणजे त्यांचं जिनमंदिर. तिथं उठलेली गोष्ट चिकोडीपर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि आप्पांच्या पद्माला चिकोडीचंच स्थळ ठरत आलं होतं. आप्पा येऊन बसल्याबरोबर मी म्हणालो, "उद्यापासनं हितं येऊ नका."

"तू येणार हाईस?"

मी ग्लास पुढ्यात ओढला.

"मग मी बी येणार."

पुढं दोन-चार दिवसांनी, नुकते दिवे लागले होते तेव्हा, काखेत छत्री आणि नाकाला रुमाल धरलेले एक वयस्कर गृहस्थ गुत्त्याच्या दारात येऊन उभे राहिले. आप्पांनी मला हळूच सांगितलं, "पद्माचा सासरा. म्हंजे, झाला तर." चिकोडीचे नेमण्णा ते. आत आले, आमच्यासमोर उभे राहिले. "लोकं सांगत हुती. माझा इस्वास बसंना. म्हणून डोळ्यानं बघाय आलो."

"बघा की," आप्पा म्हणाले. जागचे हललेसुद्धा नाहीत.

नेमण्णांनी खरंच नीट बघितलं. माझ्यापुढं ग्लास होता, हरभऱ्याची बशी होती. आप्पांच्या पुढं काहीच नव्हतं.

"तुमी काय घेताय?"

"काय न्हाय."

"मग हितं कशापाय बसलाय?"

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्येची बायकू गेली. ह्यो हितं बसतोय. म्हणून मी बी बसतोय."

"कवापतूर बसनार?"

"ह्यो उठंपतूर."

आता हे गृहस्थ पाठ फिरवणार आणि एका पोरीचं लग्न माझ्यापायी मोडणार, असंच मला वाटलं. नेमण्णांनी नाकावरचा रुमाल काढला, घडी करून खिशात ठेवला, बाकड्याला वळसा घातला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. "माझी गाडी सकाळी हाय," म्हणाले. "तवर मी बी बसतो."

मी मधे. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला नेमण्णा. दोघंही पाण्याचा थेंब न घेता ताठ बसलेले, आणि मधे माझा भरलेला ग्लास. मी तो उचलायला गेलो आणि मला हसू फुटलं. सुंद्रा गेल्यापासून पहिल्यांदाच. आधी हसलो, मग रडलो, मग दोन्ही एकदम सुरू झालं... दोघांपैकी कुणीही मला गप्प केलं नाही. डोळे पुसून मी उभा राहिलो. "चला."

"कुठं?"

"घरी. चूल पेटवतो."

त्या संध्याकाळी माझ्या घरात धूर झाला, सरपण ओलं निघालं, भात खाली लागला. ते दोघं भिंतीला टेकून बसले होते. त्यांना काही खायचं नव्हतंच. मी जेवत होतो आणि दोन म्हातारी माणसं लग्नाला आलेल्या पाहुण्याकडं बघावं तशी माझ्याकडं बघत होती. खरं तर आप्पा तेव्हा चाळिशीचेही नव्हते, पण मला ते म्हातारेच वाटायचे. निघताना नेमण्णांनी पायात वहाणा सरकवत विचारलं, "लगीन तुमच्या दारात करायचं का आमच्या?" आप्पांनी उत्तर दिलं की नाही ते मला आठवत नाही. पद्माच्या लग्नाच्या पत्रिकेचे खिळे मात्र मीच जुळवले, आणि इतकं निर्दोष काम माझ्या हातून नंतर कधी झालं नाही.

दारू काही त्या एका दिवसात सुटली नाही. पुढंही मी चार-सहा वेळा सिद्रामकडं गेलो. दर वेळी थोड्या वेळानं आप्पा येऊन शेजारी बसायचे. मग जाणं थांबलंच. पुढं मी बेळगावात आलो, कर्ज काढून स्वतःचं यंत्र घेतलं. खानापूरच्या एका विधवेशी लग्न केलं. नातलगांनी तोंड फिरवलं, पण आप्पा आदल्या दिवशीच येऊन दाखल झाले आणि पंगत उन्हं असताना बसली पाहिजे म्हणून भटजींशी भांडले.

ते गेल्याचं कळल्यावर मी निपाणीला जाऊन आलो. सोप्यात पद्माक्का भेटली. आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलंय. डोळ्यांना पदर लावता लावता मधेच हसली. म्हणाली, "काका, आप्पा तुमची लई आठवण काढायचे. म्हणायचे, दत्तूनं त्या दिशी रांधलेला भात बघितला नि वाटलं, बरं झालं बाबा, दिस मावळलाय!"

परत येताना मोटारीत मी त्यांना आठवून हसत होतो. बाजूचा प्रवासी माझ्याकडं बघत राहिला.

आमच्या छापखान्याला लागून एका तरुणाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दोघं भाऊ मिळून चालवायचे. थोरला उन्हाळ्यात अचानक गेला. तेव्हापासून धाकटा दुकान उघडतो खरा, पण अंधार पडला तरी दिवा लावत नाही, हातात काम घेत नाही. निपाणीहून आल्यापासून मी संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन बसतो. काय बोलावं ते सुचत नाही. मग कागदाचे भाव, शाईचा वास, आमच्या यंत्राची कुरकुर, असलं काहीबाही सांगतो. तो ऐकतो की नाही कुणास ठाऊक. पण काल मी बोलत असतानाच तो उठला, त्यानं दिवा लावला, एक उघडं घड्याळ पुढ्यात ओढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "काका, वाईच तिकडं सरका... उजेड आडतोय."

मी सरकून बसलो.